‘माहिती अपुरी’ : लाल यादीतील एक रकाना

(हीरक महोत्सवी वर्षात राष्ट्रीय विज्ञान दिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात एका ओळीपुरते येते. १८८५ साली मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले, त्यासाठी खटपट करणारे निवृत्त इंग्रज सनदी अधिकारी ते हेच, एवढे लिहिले की परीक्षेत गुण मिळतात. ह्याच गृहस्थांचे दुसरे आयुष्य पक्ष्यांच्या नादात गेले, ते मात्र पाठ्यपुस्तकाला ठाऊक नसते. सरकारी कामाच्या निमित्ताने हिंदुस्थानभर हिंडताना त्यांनी पक्ष्यांचे सुमारे ८२,००० नमुने गोळा केले. सिमल्याच्या रॉथनी कॅसल ह्या आपल्या घरात ते पेट्यांतून व कपाटांतून नीट लावून ठेवले आणि प्रत्येकाच्या पायाला स्थळ व तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधली. आजच्या व्याख्यानाचा विषय ह्यूम हा नाही. ह्या ८२,००० नमुन्यांपैकी एका क्षुल्लक दिसणाऱ्या नमुन्याची कथा मात्र विषयाच्या गाभ्याशी नेणारी आहे, म्हणून आरंभ तिच्यापासून करणे सोयीचे.

१३ नोव्हेंबर १८६७ रोजी सतलजच्या खोऱ्यात, रामपूरजवळ, ह्यूम ह्यांना चिमणीएवढा, मळकट तपकिरी रंगाचा एक पक्षी मिळाला. पंखांवर पट्टे नाहीत, डोक्यावर तुरा नाही, शेपटीत झळाळी नाही. नदीकाठच्या बोरूत, वेळूत आणि झुडपांत वावरणाऱ्या वटवट्यांच्या कुळातला तो होता. जुन्या शाळेत ज्या बोरूने अक्षर वळणदार केले जाई त्याच बोरूच्या बेटात राहणारे हे कूळ, आणि त्यातील जाती एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या की हातात घेऊनही त्या ओळखताना जाणकारांत वाद व्हावेत. ह्यूम ह्यांचे लक्ष गेले ते चोचीकडे. ती नेहमीपेक्षा लांब होती. त्यांनी त्याला नवी जात मानून नाव दिले. ते नाव पूर्वीच दुसऱ्या पक्ष्याला दिलेले निघाल्याने १९०५ मध्ये ओबरहोल्झर ह्या अमेरिकी पक्षितज्ज्ञाने ते बदलून ‘अ‍ॅक्रोसेफॅलस ओरायनस’ असे केले. ‘ओरायनस’ म्हणजे डोंगराळ भागातला. सोयीसाठी त्याला मोठ्या चोचीचा वटवट्या म्हणू या.

नाव मिळाले, पण दुसरा पक्षी मिळेना. दहा वर्षे गेली, पन्नास गेली, शतक उलटले. मग विद्वान म्हणू लागले की ही स्वतंत्र जातच नसावी. नेहमीच्याच एखाद्या बोरू-वटवट्याला अपवादाने लांब चोच आली असेल. एकाच नमुन्यावर उभ्या असलेल्या जातीबद्दल अशी शंका घेणे गैर नव्हते. मात्र ह्या शंकेचा परिणाम असा झाला की कोणी त्याला शोधायलाही गेले नाही. जो नाहीच, त्याला शोधायचे कशाला?

२००२ मध्ये स्टाफान बेन्श आणि डेव्हिड पिअरसन ह्यांनी त्या जुन्या नमुन्यातून डीएनए मिळवला आणि इतर जातींशी ताडून पाहिला. तो कशाशीच जुळेना. ह्यूम ह्यांचे १३५ वर्षांपूर्वीचे म्हणणे बरोबर ठरले. पुढे २७ मार्च २००६ रोजी थायलंडमध्ये, फेत्चबुरीजवळच्या एका सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात, फिलिप राउंड हे पक्षितज्ज्ञ जाळी लावून पक्ष्यांना कडी घालत असताना त्यांच्या हातात एक वटवट्या आला. चोच लांब, पंख आखूड. त्यांनी मोजमापे घेतली, छायाचित्रे काढली, दोन पिसे ठेवून घेतली आणि पक्ष्याला सोडून दिले. पिसे स्वीडनला बेन्श ह्यांच्याकडे गेली. उत्तर आले : तोच. मधली १३९ वर्षे हा पक्षी पृथ्वीच्या पाठीवर नांदत होता, घरटी बांधत होता, पिले वाढवत होता आणि ऋतू पालटला की हजारो किलोमीटरचा प्रवासही करीत होता. त्याची खबर तेवढी कोणाला नव्हती.

ह्यापुढचा भाग अधिक विचार करायला लावणारा आहे. हा पक्षी कसा दिसतो हे कळल्यावर अभ्यासकांनी वस्तुसंग्रहालयांतील खण उघडून पाहायला सुरुवात केली. ह्यूम ह्यांचा संग्रह १८८५ मध्ये ४७ मोठ्या पेट्यांत भरून विलायतेला गेला होता आणि तेथील नैसर्गिक इतिहास संग्रहालयाचे पक्षिदालन आता ट्रिंग ह्या गावी आहे. तेथे दुसऱ्याच एका बोरू-वटवट्याच्या खणात, चुकीच्या नावाखाली, १८६९ साली उत्तर भारतात मिळालेला आणखी एक मोठ्या चोचीचा वटवट्या सापडला. मग इतर संग्रहालयांतही शोध झाला आणि २००८ मध्ये एकूण दहा नवे नमुने प्रसिद्ध झाले. शंभर-सव्वाशे वर्षे ते खणात पडून होते. त्यांच्या पायांतील चिठ्ठ्यांवर ठिकाण होते, महिना होता; त्यांतले बरेचसे मध्य आशियातले आणि उन्हाळ्यातले होते. वीण कोठे होत असेल ह्याचा अंदाज त्यावरून बांधता आला. त्याच सुमारास अफगाणिस्तानच्या ईशान्य टोकाला, वाखानच्या चिंचोळ्या पट्टीत, रॉबर्ट टिमिन्स हे संशोधक वन्यजीवांची पाहणी करीत होते. नदीकाठच्या झुडपांत गाणाऱ्या एका पक्ष्याचा आवाज त्यांनी ध्वनिमुद्रित केला होता. त्यांनी ट्रिंगला जाऊन नमुने पाहिले, तेव्हा तो कोणाचा आवाज असावा हे त्यांच्या ध्यानात आले. २००९ च्या उन्हाळ्यात तेथे जाळी लावली तेव्हा सुमारे वीस पक्षी मिळाले. त्याआधीच्या सगळ्या इतिहासात इतके जिवंत मोठचोचे वटवटे कोणी एकत्र पाहिले नव्हते.

एवढे सगळे होऊनही आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीने ह्या पक्ष्याच्या नावापुढे दोनच शब्द लिहिले : ‘माहिती अपुरी’. आजचा विषय हे दोन शब्द.

लाल यादी म्हणजे जगातील जीवजातींच्या प्रकृतीचा तक्ता. हा संघ १९४८ मध्ये फ्रान्समधील फाँतेनब्लो येथे स्थापन झाला आणि १९६४ पासून तो ही यादी ठेवतो. आजवर दीड लाखाहून अधिक जातींचे मूल्यमापन त्यात झाले आहे. नामशेष, निसर्गातून नामशेष, अतिसंकटग्रस्त, संकटग्रस्त, असुरक्षित, संकटाच्या उंबरठ्यावर आणि फारशी चिंता नसलेली अशी तिची उतरंड. वर्तमानपत्रातून वाचकाला माहीत होतात ते ह्यांतले दोन-तीन शब्द. परंतु ही उतरंड जेथे संपते तिच्या बाजूला, वर नाही आणि खाली नाही, असा एक रकाना आहे आणि तपासलेल्या दर सात जातींपैकी साधारण एक त्यात बसते.

ह्या रकान्याबद्दल दोन गैरसमज फार रूढ आहेत. पहिला असा की माहिती अपुरी म्हणजे ती जात दुर्मीळ असली पाहिजे. तसे नाही. देवमाशांच्या कुळातला ऑर्का घ्या. काळापांढरा, देखणा, चित्रपटांतून लहान मुलांनाही ठाऊक असलेला. जगातील सर्व महासागरांत तो आढळतो, त्याच्यावर ग्रंथ लिहिले गेले आहेत, आणि तरीही लाल यादीत त्याच्यापुढे हाच शेरा आहे. कारण ज्याला आजवर एक जात म्हटले गेले त्यात एकापेक्षा अधिक जाती असाव्यात असे दिसू लागले आहे. काही ऑर्का केवळ मासे खातात, काही सील आणि इतर सस्तन प्राणीच मारतात, आणि शेजारच्या पाण्यात राहूनही ह्या दोहोंचा आपसांत संकर होत नाही. जाती किती हेच ठरत नसेल तर कोणती धोक्यात आहे हे कसे ठरवायचे? एखादा प्राणी प्रसिद्ध असतो म्हणून तो परिचित असतोच असे नाही.

दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. माहिती अपुरी, म्हणजे काळजीचे कारण नाही, असा अर्थ लावला जातो. आजार निदानात सापडला नाही म्हणजे माणूस निरोगी, असे म्हणण्यासारखे ते आहे. संघाची स्वतःची मार्गदर्शक सूत्रे ह्या बाबतीत स्पष्ट आहेत. एखादी जात अतिसंकटग्रस्त असणे आणि फारशी चिंता नसलेली असणे ह्या दोन्ही शक्यता उपलब्ध माहितीत सारख्याच बसत असतील, तर तिला ह्या रकान्यात घालावे. ह्याचा अर्थ असा की ती जात कदाचित कोट्यवधींनी असेल आणि कदाचित ह्या क्षणी तिचा शेवटचा जीव मरत असेल. ह्या दोन टोकांमधले अंतर लक्षात घेतले म्हणजे तो शेरा वाचून निश्चिंत होणे किती चमत्कारिक आहे ते कळते.

विद्यार्थ्यांसाठी येथे एक गणित आहे, आणि ते सातवीच्या शेकडेवारीच्या पलीकडचे नाही. २०२१ मध्ये शार्क, पाकट आणि त्यांच्या नात्यातील माशांचे जागतिक मूल्यमापन प्रसिद्ध झाले. एकूण जाती १,१९९. त्यांपैकी ३९१ धोक्यात असल्याचे ठरले. १५५ जातींबद्दल माहिती अपुरी होती. आता प्रश्न : शेकडा किती जाती धोक्यात? माहिती नसलेल्या सगळ्या सुखरूप आहेत असे धरले तर ३९१ ला १,१९९ ने भागायचे, उत्तर ३२.६ टक्के. माहिती नसलेल्या जातींतही धोक्याचे प्रमाण इतरांइतकेच असेल असे धरले तर त्या १५५ बाजूला काढून १,०४४ ने भागायचे, उत्तर ३७.५. आणि त्या सगळ्याच धोक्यात आहेत असे धरले तर उत्तर ४५.५ च्या घरात जाते. तिन्ही उत्तरे गणिताच्या दृष्टीने बरोबर आहेत. समुद्रातले मासे तेच, पण एका रकान्याकडे कसे पाहायचे ह्यावर तेरा टक्क्यांचा फरक पडतो. अभ्यासक मधले उत्तर देतात आणि दोन्ही टोकेही सांगतात, हे त्यांच्या प्रामाणिकपणाला धरून आहे. बातमीत मात्र एकच आकडा येतो.

तेव्हा मधले उत्तर तरी खरे आहे काय? नॉर्वेतील एका संशोधक गटाने २०२२ मध्ये ह्या प्रश्नाला हात घातला. ज्या जातींची स्थिती ठाऊक आहे त्यांचा अधिवास, हवामान, जंगलतोड, शेतीचा विस्तार अशी माहिती संगणकाला देऊन, ज्यांची स्थिती ठाऊक नाही अशा ७,६९९ जातींबद्दल त्यांनी अंदाज केला. त्या अंदाजानुसार त्यांपैकी ५६ टक्के धोक्यात असाव्यात. उभयचरांपुरते पाहिले तर ८५ टक्के. म्हणजे माहिती नसलेल्या जाती सरासरीने इतरांपेक्षा अधिक संकटात असण्याचा संभव आहे. हा अंदाजच आहे, आणि अंदाज म्हणूनच तो घ्यावा. त्यामागचे कारण मात्र सहज पटण्यासारखे आहे. जी जात लहानशा प्रदेशात, थोड्या संख्येने, माणसाच्या वाटेपासून दूर राहते तिचीच माहिती मिळणे कठीण असते. आणि तिचा तो लहानसा प्रदेश एका धरणाने, एका खाणीने, एका रस्त्याने संपू शकतो.

आकड्यांवरून आता मातीकडे येऊ. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात शेत उकरताना, शेणखताचा ढीग हलवताना एक लांबट, चकचकीत, वळ्यावळ्यांचा प्राणी कधी बाहेर येतो. पाय नाहीत, डोळे कातडीखाली झाकलेले. कोणाला ते मोठे गांडूळ वाटते, कोणाला सापाचे पिल्लू. मराठीत त्याला देवगांडूळ म्हणतात. वस्तुतः तो गांडूळही नाही आणि सापही नाही. तो बेडकाचा दूरचा भाऊबंद, एक उभयचर. डोळा आणि नाकपुडी ह्यांच्यामध्ये त्याला एक इवलासा स्पर्शक असतो आणि जमिनीखालच्या अंधारात त्याच्या आधाराने तो वाट काढतो. हा प्राणी विषारी आहे अशी समजूत असल्याने बहुतेक वेळा कुदळीच्या एका घावात त्याची आणि माणसाची भेट संपते. नावात देव असूनही.

रत्नागिरी जिल्ह्यातील दोरले गावच्या एका देवगांडुळावरून २००३ मध्ये एक नवी जात शास्त्राला ज्ञात झाली. हाती नमुना एकच. तो कोणत्या जमिनीत राहतो, किती आहेत, शेजारच्या गावात आहेत की नाहीत, ह्यांतले काहीही त्या एका नमुन्यावरून सांगणे शक्य नव्हते. पुढे डेव्हिड गोवर, मार्क विल्किन्सन आणि वरद गिरी ह्यांनी त्याच गावी जाऊन पुन्हा खोदले आणि तो प्राणी तेथे अजून आहे हे २००७ मध्ये प्रसिद्ध केले. ह्याच तिघांनी त्याआधी, २००४ मध्ये, कोयनेजवळच्या हुंबर्ळीहून आणखी एका देवगांडुळाची नोंद केली होती. त्याच्या शास्त्रीय नावात ‘महाराष्ट्र’ आहे. अशा कित्येक देवगांडुळांच्या नावापुढे लाल यादीत वर्षानुवर्षे ‘माहिती अपुरी’ हेच लिहिलेले राहिले. वाघाची पावले मोजता येतात, हत्तीची गणना करता येते; जमिनीखाली हातभर खोल राहणाऱ्या प्राण्याची शिरगणती कशी करायची? एक वाफा खणून काही मिळाले नाही, तर तेथे प्राणी नाही असे लिहायचे, की त्या दिवशी तो तेथे नव्हता असे?

खणण्याला पर्याय नाही हे दिल्ली विद्यापीठाचे सत्यभामा दास बिजू आणि त्यांचे सहकारी ह्यांनी ईशान्य भारतात दाखवून दिले. पाच वर्षे, सुमारे २५० ठिकाणी, पावसाळ्यात, हातात कुदळ घेऊन त्यांनी माती उकरली. त्या कष्टातून २०१२ मध्ये देवगांडुळांचे एक संपूर्ण नवे कुल जगापुढे आले. त्यातील मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून दोन-तीन महिने राखण करीत बसते, हेही तेव्हा कळले. ह्या कुलाला जे नाव दिले ते गारो भाषेतून घेतले आहे. तेथील लोक ह्या प्राण्याला ‘चिकिला’ म्हणत, म्हणून कुल झाले ‘चिकिलिडी’. शास्त्राला २०१२ मध्ये ठाऊक झालेल्या प्राण्याला गारो टेकड्यांतील आजीबाईकडे नाव केव्हापासून होते, ह्याचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडायचा? महाराष्ट्राबाहेर राहून मराठीत शिकणाऱ्या मुलांना ही गोष्ट विशेष जवळची वाटावी. घरी एक भाषा, बाजारात दुसरी, वर्गात तिसरी. एकाच पाखराची तीन नावे त्यांना सहज ठाऊक असतात आणि प्रत्येक नावात कोणाचे तरी पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण साठलेले असते.

माहिती कमी असणे ही एक आपत्ती. खोटी माहिती असणे ही तिच्याहून मोठी. ह्याचे उदाहरण पुन्हा ह्यूम ह्यांच्याच एका पक्ष्याचे आहे, आणि ते थेट खान्देशात घडले. रानपिंगळा ह्या छोट्या घुबडाचे वर्णन ह्यूम ह्यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केले. १८८४ पर्यंत त्याचे मोजकेच नमुने मिळाले, त्यांतले काही खान्देशातून जेम्स डेव्हिडसन ह्यांनी मिळवलेले. त्यानंतर सामसूम. एकच अपवाद होता : कर्नल रिचर्ड माइनरत्झहागेन ह्या नामांकित लष्करी पक्षितज्ज्ञाने १९१४ मध्ये तापीकाठच्या मांडवी येथे, म्हणजे गुजरातेत, एक रानपिंगळा मिळवल्याचे नोंदवले होते. पुढच्या पिढ्यांनी त्या नोंदीवर विश्वास ठेवला आणि तिला धरून पक्ष्याचा शोध घेतला. पक्षी मिळाला नाही.

१९९० च्या दशकात पामेला रासमुसेन ह्यांनी संग्रहालयातला तो नमुना बारकाईने तपासला. शिवण उसवून पाहिली, आतला कापूस पाहिला. तो पक्षी १९१४ चा नव्हताच. तो डेव्हिडसन ह्यांचा जुना नमुना होता. संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा भरलेला आणि नवी चिठ्ठी बांधलेला. कर्नलसाहेबांनी अशा कितीतरी चिठ्ठ्या बदलल्या होत्या हे नंतर उघड झाले. खोटी नोंद बाजूला केल्यावर खऱ्या नोंदी उरल्या, आणि त्यांतल्या जागा धरून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट शोध घेत निघाले. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळच्या जंगलात, एका निष्पर्ण झाडाच्या फांदीवर, ऊन खात बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. ११३ वर्षांनी. कोऱ्या रकान्याने शोधणाऱ्याला निदान चुकीच्या गावी तरी पाठवले नसते.

आज आपल्या देशात माहिती गोळा करण्याचे काम केवळ विद्यापीठांचे राहिलेले नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही असावी असे ठरवले. माधव गाडगीळ ह्यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी ह्या नोंदवहीच्या कल्पनेसाठी वर्षानुवर्षे परिश्रम घेतले. कल्पना उत्तम आहे. पण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने नोंदवह्या पूर्ण करण्यासाठी जानेवारी २०२० अखेरची मुदत घातली, आणि मुदत आली की काय होते हे शाळा-कचेऱ्यांत वावरणाऱ्या कोणालाही वेगळे सांगायला नको. शेजारच्या गावाची यादी उतरवून भरलेली नोंदवही हे कर्नलसाहेबांच्या चिठ्ठीचेच धाकटे भावंड असते. तिच्यात कावळा, चिमणी, बाभूळ, कडुनिंब सगळे असते आणि गावाबद्दल काहीही नसते.

ह्यूम ह्यांच्याही बाबतीत एक दुर्दैव घडले. हिंदुस्थानातील पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहिण्याचा त्यांचा मानस होता. वीस-पंचवीस वर्षांची टिपणे सिमल्याच्या घरात साठली होती. १८८३ च्या सुमारास ते घरी परतले तेव्हा हस्तलिखितांचे गठ्ठेच्या गठ्ठे नाहीसे झालेले. नोकराने ते रद्दी म्हणून बाजारात विकून टाकले होते. त्या कागदांतून सिमल्याच्या दुकानदारांनी काय काय बांधून दिले असेल कोण जाणे. ह्यूम खचले, ग्रंथाचा विचार सुटला आणि लवकरच सारा संग्रह त्यांनी देऊन टाकला. टिपणे गेली, पण पक्ष्यांच्या पायांना बांधलेल्या चिठ्ठ्या राहिल्या. दोन बोटे रुंदीच्या चिठ्ठीवरची एक तारीख आणि एक गाव. १८६७ च्या वटवट्याला २००२ साली न्याय मिळाला तो नमुना आणि ती चिठ्ठी एकत्र टिकल्यामुळे.

विद्यार्थ्यांनी काय करावे, असा प्रश्न शेवटी येतोच. दुर्मीळ प्राणी शोधायला बाहेर पडण्याची गरज नाही. शाळेच्या आवारात, घराच्या गच्चीवर, गावच्या तळ्यावर जे दिसते ते दिसले त्याच दिवशी लिहावे. तारीख, वेळ, नेमके ठिकाण, पाहणाऱ्याचे नाव, आणि त्या प्राण्याला आजूबाजूला कोणत्या भाषेत काय म्हणतात ते. छायाचित्र असेल तर उत्तम. नसेल तर पेन्सिलीने काढलेले वेडेवाकडे चित्रही चालते, त्यात चोच किती लांब हे दिसले पाहिजे. ओळख पटली नसेल तर ‘ओळख पटली नाही’ असेच लिहावे. मित्राने लिहिले म्हणून आपण लिहू नये. तळ्यावर गेले आणि काहीच दिसले नाही, तरी ‘अमुक वेळ पाहिले, काही दिसले नाही’ ही नोंदसुद्धा घ्यावी. तिचे मोल अभ्यासकाला फार असते आणि ती कोणी करीत नाही.

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने विज्ञान मंडळाने अशी एक नोंदवही सुरू केली आहे. ती प्रयोगशाळेबाहेरच्या टेबलावर ठेवलेली असते. सुट्टीत ती ग्रंथालयात मिळेल. तिला पेन्सिल दोरीने बांधलेली आहे. शाई पावसात फिसकटते, म्हणून पेनने लिहू नये. पाने क्रमांक घालून शिवलेली आहेत, तेव्हा चुकलेली नोंद खोडावी, पान फाडू नये. वही भरली की ती शाळेच्या दप्तरात, प्रवेश-निर्गम नोंदवह्यांच्या शेजारी ठेवण्याचे ठरले आहे.